तळ्याच्या पोटातली माती

मल्हाररावांनी बंगला बांधला तो तळ्याच्या पोटात, आणि पुढं जन्मभर तळ्यालाच शिव्या घातल्या. बेंगळूरला हेब्बाळच्या वाटेवरचं ते जुनं केरे, म्हणजे तळं, आटलं, तेव्हा त्याच्या तळाचे चौकोन पाडून विकले गेले. घोडदळातून निवृत्त झालेल्या रावांनी त्यातला सगळ्यात खोलगट चौकोन घेतला, कारण तो सगळ्यात मोठा होता. बंगला देखणा झाला. त्याच्यापुढं हिरवळ करायची, संध्याकाळी वेताच्या खुर्च्या टाकायच्या आणि आल्यागेल्याला जुन्या घोड्यांच्या गोष्टी सांगायच्या, एवढीच त्यांची हौस होती. त्या हौसेपायी एका पैलवानाचा कणा मोडला. तेच सांगायचं आहे.

माती तळाची होती. दिसायला लोण्यासारखी, वागायला दगडासारखी. पावसाळ्यात ती चपलेला धरायची आणि चपलेसकट माणूस ठेवून घ्यायची. पाणी वर तसंच उभं राहायचं, खाली थेंब जायचा नाही, आणि लावलेल्या हिरवळीची मुळं आठ दिवसांत कुजून वास सुटायचा. माघ उलटला की तीच माती अशी भेगाळायची की भेगेत हात मनगटापर्यंत जाई. उन्हात पहार मारली तर ठण्ण करून परत यायची आणि खांद्यापर्यंत मुंग्या यायच्या. दोन वर्षांत तीनदा हिरवळ लावली, तीनदा गेली. मग रावांनी स्वतःच्या अकलेनं वीस गाड्या नदीची रेती आणवली आणि त्या मातीत कालवली. चिखलात रेती घालून, भट्टी न पेटवता वीट कशी करावी, हे त्यांना त्या उन्हाळ्यात कळलं. सगळं अंगण एकच मोठी वीट होऊन बसलं.

हे ज्याच्या हातून करून घेतलं तो उमाजी. चाळिशीचा, कान चुरगळलेले, मान खांद्यात गेलेली. बेंगळूरचे जुने मराठे आखाड्याला गरडी म्हणतात. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, गरडीत उमाजीनं वीस वर्षं काढली होती, आणि वय झाल्यावर तो रावांकडं माळी म्हणून राहिला होता. बंगल्यामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको मथुरा. मूलबाळ नाही. मूल म्हणायचं तर धाकटा भाऊ रघुजी. आई गेली तेव्हा रघुजी सहा वर्षांचा होता. उमाजीनं त्याला खांद्यावर बसवून गरडीत नेलं ते कायमचंच. रघुजी तिथंच वाढला, तिथंच निजायचा, आणि आता चोवीस वर्षांचा, अंगानं दरवाजाएवढा झाला होता. अठ्ठावन्न सालच्या युगादीला, म्हणजे पाडव्याला, म्हैसुरात त्याची मोठी जोड ठरत होती. ती मारली की पेटेतल्या गरडीचं नाव दोन पिढ्यांनी पुन्हा घेतलं जाणार होतं. उमाजीचा सगळा जीव त्या एका कुस्तीत अडकलेला होता. रात्री झोपेतसुद्धा त्याचे पाय पवित्रा घ्यायचे आणि मथुरेला लाथा बसायच्या.

गरडीची जागा मल्हाररावांच्या आजोबांनी दिलेली. त्या नात्यानं राव वर्षातून एकदा तिथं जात, मारुतीला नारळ फोडत. त्या वर्षी माघात गेले आणि सहज वाकून त्यांनी कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. ती लाल माती शंभर वर्षं रोज उकरलेली, तेल, ताक, हळद, लिंबाचा पाला आणि वाळवी लागू नये म्हणून मीठ घालून जोपासलेली होती. प्रत्येक पैलवानाच्या घरून त्यात काहीतरी यायचं. उमाजी-रघुजीच्या आईनं जिवंत होती तोवर दर शनिवारी ताकाचा गडवा त्या मातीत ओतला होता. रावांनी मूठ उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"उमाजी, ही माती माझ्या अंगणात पसरली तर?"

"राव, ती गरडीची आहे."

"गरडी कुणाची आहे?"

राव पुढं म्हणाले, "नवी लाल माती मी भरून देतो. माती ती मातीच की."

उमाजीनं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "सरी, राव. आणवतो."

का म्हणाला, ते त्यानं पुढं हजारदा स्वतःला विचारलं. नोकरी रावांची होती, खोली रावांची होती, हे खरंच. पण त्याहून खरं हे की त्या अंगणानं त्याच्या नाकी नऊ आणले होते. भल्याभल्यांना लोळवलेला माणूस दोन वर्षं चिखलाकडून चीत होत होता, आणि तीनदा मेलेल्या हिरवळीवरून राव चहाच्या वेळी पाहुण्यांसमोर त्याची टिंगल करत. एकदा जिंकायचं होतं त्याला. बस्स, एवढंच.

रघुजी जोड पक्की करायला तीन दिवस म्हैसूरला गेला, तेव्हा सहा बैलगाड्या पेटेत आल्या. हौदा कंबरभर खोल रिकामा झाला. माती बंगल्याच्या फाटकाशी ढीग होऊन पडली. अंगण आधी खणून भुसभुशीत करायचं आणि मग ही माती मिसळायची, असा उमाजीचा बेत होता. पण उन्हात पहार चालेना, म्हणून खणणं त्यानं पुढं ढकललं. चार दिवसांनी कोरड्या विटेवर पाणी मारू आणि मग बघू, असं त्यानं ठरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी रघुजी आला. पेटेतून तिथवर तो पळत आला होता. फाटकाशी त्यानं ढीग पाहिला, वाकून मूठभर माती उचलली, हुंगली आणि कपाळाला लावली. मग पहिल्यांदा त्यानं गाडीवानाला उचलून रस्त्यावर फेकलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? तो रिकाम्या टोपल्या न्यायला आला होता. त्याचा हात तिथंच निखळला आणि तो ओरडत पेटेकडं निघाला.

उमाजी मागून धावत आला. रघुजीनं त्याच्याकडं पाहिलं.

"कुणी काढली?"

"मी काढली. रावांना..."

पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. नाक मोडल्याचा आवाज उमाजीला स्वतःला ऐकू आला. दुसरा फटका बरगडीवर, तिसरा मांडीवर. उमाजीनं हात वर केला नाही. हा मार आपला आहे, हे त्याला कबूल होतं. दांडा मोडला, तेव्हा रघुजीनं तो टाकला आणि रडत म्हणाला, "आईचं ताक होतं रे त्यात, अण्णा. महिन्यानं माझी कुस्ती आहे. मी कशावर मेहनत करू? ह्या विटेवर?"

"नवी भरतो. आठ दिवसांत भरतो."

"नवी मुरायला वर्ष लागतं. तूच शिकवलंस मला."

एवढ्यात व्हरांड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मल्हारराव कॉफीचा लोटा हातात घेऊन उभे होते. रागावलेले नव्हते. आखाड्याच्या कडेला बसून कुस्ती बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. रघुजीनं त्यांना पाहिलं आणि सरळ पायऱ्यांकडं निघाला. त्याच्या मुठी उमाजीनं पाहिल्या. हा म्हाताऱ्याला मारून टाकणार आणि फासावर जाणार, हे त्याला लख्ख दिसलं. तो आडवा गेला. भावाच्या छातीला त्यानं छाती लावली.

"परत जा, रघू."

"बाजूला हो."

"वा," वरून राव म्हणाले. "तुझाच पठ्ठ्या ना उमाजी? बघू दे की काय शिकवलंस ते."

दोघं भिडले. हे खेळणं नव्हतं. रघुजीनं कपाळ आणून उमाजीच्या मोडक्या नाकावर मारलं. उमाजीच्या डोळ्यांपुढं लाल झालं. त्यानं रघुजीच्या कानशिलात कोपर घातलं, रघुजीनं त्याच्या दंडाला दातांनी धरलं आणि मांस सोडलं नाही. उमाजीनं त्याचं तोंड केसांना धरून मागं ओढलं. दोघांच्याही अंगावर रक्त होतं आणि कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं. पायांखाली अंगण ठकठक वाजत होतं. मथुरा मागच्या दारातून ओरडत आली, मध्ये पडली आणि एका धक्क्यात भिंतीवर जाऊन आदळली.

मग रघुजी पाठीमागं गेला. त्याचा उजवा हात उमाजीच्या गळ्याखालून आला आणि आवळला. उमाजीचा श्वास बंद झाला. डोकं विचार करायचं थांबलं, पण अंग थांबलं नाही. ही पकड या अंगाला पाठ होती. रघुजी दहा वर्षांचा असल्यापासून याच पकडीवर उमाजी त्याला धोबीपछाड शिकवत आला होता. मनगट धरायचं, कंबर खाली न्यायची, पाठीवर घ्यायचं आणि डोक्यावरून पुढं आपटायचं. हजार वेळा आपटला असेल. हजार वेळा मऊ मातीत पडून रघुजी हसत उठला होता आणि "पुन्हा" म्हणाला होता.

उमाजीनं मनगट धरलं, कंबर खाली नेली आणि आपटला.

पाठ जमिनीवर पडली तेव्हा पहारीसारखा आवाज झाला. उमाजी सवयीनं दोन पावलं मागं सरला, गुडघे वाकवले, हात पुढं धरले. गडी उठला की पुढचा डाव. तो तसाच उभा राहिला. ओठावरून रक्त गळत होतं, श्वास लागला होता, आणि तो रघुजी उठायची वाट बघत होता. रघुजी डोळे उघडे ठेवून आभाळाकडं बघत होता. मग तो म्हणाला, "अण्णा, माझे पाय कुठं आहेत?"

तेव्हा उमाजीला कळलं की आपण गरडीत नाही.

व्हरांड्यात राव लोटा कठड्यावर ठेवून, टाळी वाजवायला उचललेले हात तसेच धरून उभे होते. उमाजी पायऱ्या चढून गेला आणि त्यानं त्यांच्या तोंडावर मूठ मारली. एकदा, मग पुन्हा, मग आणखी एकदा. मथुरेनं पाठीमागून मिठी घातली नसती तर तो थांबला नसता. लोटा घरंगळत खाली गेला, त्याच्या मागोमाग रावांचे पुढचे दात.

पोलिसांना रावांनी सांगितलं की पैलवान खड्ड्यात पाय घसरून पडला. स्वतःच्या दातांबद्दल डॉक्टरला सांगितलं की न्हाणीघरात पडलो. असल्या माळ्याला कुणी पदरी ठेवत नाही. रावांनी ठेवलं. पुढं ते त्या अंगणात कधी उतरले नाहीत, समोरच्या खिडक्यासुद्धा त्यांनी उघडल्या नाहीत. हिरवळीचं नाव घरात कुणी काढेना.

रघुजी चार महिने इस्पितळात होता. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. म्हैसुरात त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं. गाड्या लावून उमाजीनं माती परत पेटेत नेली, पण रघुजीच नाही म्हटल्यावर पोरं पांगली आणि गरडीच्या दाराला कुलूप लागलं. इस्पितळातून आणल्यावर रघुजी बंगल्यामागच्या खोलीत राहिला. वहिनीशी तो बोलायचा, दूधवाल्याशी बोलायचा. उमाजीशी एक अक्षर नाही. उमाजीनं भरवलं तर खायचा, उचललं तर उचलू द्यायचा, आणि नजर भिंतीकडं ठेवायचा.

"त्याला तू अधू केलं नाहीस," मथुरा एकदा म्हणाली. "ही जमीन मऊ असती तर तो उठला असता."

ती समजूत घालत होती. उमाजीच्या मनात मात्र ते वाक्य काट्यासारखं राहिलं. खणणं आपण पुढं ढकललं होतं. चार दिवस.

दुसऱ्या दिवशी तो हेब्बाळला नरसिंह नावाच्या माणसाकडं गेला. शेतकी शिकलेला माणूस, मातीचं ढेकूळ तोंडात घालून बघायचा. तो कन्नडमध्ये म्हणाला की रेतीनं ही माती कधीच सुधारणार नाही आणि तुमच्या गरडीच्या मातीनंही सुधारली नसती. तिच्यात मीठ आहे, चिकणमातीला मीठ लागलं की ती आणखी घट्ट होते. उमाजी ऐकत राहिला. ज्याच्यासाठी सगळं झालं ते मुळातच निरुपयोगी होतं.

मग त्यानं अंगण खणायला घेतलं. नरसिंहानं सांगितलं तसं, ओलं असताना नाही आणि कोरडं असतानाही नाही. मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि बोटाच्या टिचकीनं फुटला, तरच पहार उचलायची. असे दिवस वर्षात थोडे येतात, त्या दिवसांत तो जेवायला उठत नसे. गुडघाभर खोल खणून पाणी जायला चर काढले. तबेल्यातली जुनी लीद, कुजलेला पाला, नाचणीचा भुसा, शेंगांची टरफलं, पोत्यांनी जिप्सम. दोनदा हुरळी म्हणजे कुळथी पेरली आणि फुलावर आली की उपटून मातीतच गाडली. खणलेल्या जागेवर पाय पडू नये म्हणून फळ्या टाकल्या आणि त्यांवरूनच चालला. हाताची कातडी सोलून निघाली, नखं गेली. लोक म्हणत, रावांच्या हिरवळीचं खूळ माळ्याच्या डोक्यात गेलं. हिरवळ कुणाला हवी होती? त्याला फक्त ती जमीन फोडायची होती. पहिल्या वर्षी गांडुळं दिसली. दुसऱ्या वर्षी पावसाचं पाणी उभं राहिलं नाही. हरळीची कांडी रोवली आणि ती धरली.

रोज सकाळी तो रघुजीला पाठीवर घेऊन अंगणातल्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली आणून बसवायचा. रघुजी दिवसभर त्याचं खणणं बघायचा. बोलायचा नाही. पण त्याचे दंड मात्र अजून पैलवानाचे होते. बसल्या बसल्या तो दगड उचलायचा.

साठ सालच्या माघात एका सकाळी उमाजी त्याला असाच पाठीवर घेऊन फळीवरून चालला होता. रघुजीचा उजवा हात गळ्याखालून आला. उमाजीला वाटलं, तोल जातोय म्हणून धरतोय. हात आवळला. मग आणखी आवळला. दोन वर्षांचा सगळा राग त्या दंडात होता. उमाजीचे डोळे बाहेर आले, फळीवरून पाय घसरला. त्याच्या कानाशी रघुजीचा श्वास शांत चालला होता. सोड म्हणायला उमाजीच्या गळ्यात हवा उरली नव्हती.

अंगानं पुन्हा तेच केलं. मनगट धरलं, कंबर खाली गेली, आणि भाऊ डोक्यावरून पुढं जाऊन पाठीवर पडला.

उमाजीनं किंकाळी फोडली आणि त्याच्यावर झेपावला. त्यानं भावाची मान चाचपली, खांदे चाचपले, पाठीखाली हात घातला. हात हिरवळीत आणि हिरवळीखालच्या मातीत बोटं बुडेपर्यंत गेला. रघुजीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पडला त्या जागी त्याच्या पाठीचा खळगा तेवढा उमटला होता. तो आभाळाकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात जात होतं.

"फार चांगली केलीस रे माती, अण्णा," तो म्हणाला. उमाजीशी दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. "मरूसुद्धा देईना."

उमाजी त्याच्या शेजारी बसून खोकत होता. त्याला आता सगळं समजलं. ही पकड उमाजीला मारायला नव्हती. भावाच्या अंगाला कुठल्या पकडीवर कुठला डाव येतो हे रघुजीला ठाऊक होतं, आणि मरायचं म्हणून त्यानं तो मुद्दाम ओढवून घेतला होता.

"उद्या मला तिकडं बसव," रघुजी म्हणाला आणि मानेनं स्वयंपाकघराच्या भिंतीकडं दाखवलं. "तिथली अजून कडक आहे."

तिथं वीसेक हात जागा राहिली होती. भेगाळलेली, रेतीनं विटेसारखी झालेली. उमाजी उठला. मथुरेला हाक मारून त्यानं रघुजीजवळ बसवलं आणि सांगितलं, याचा हात सोडू नको. मग पहार घेऊन तो त्या कोपऱ्यात गेला आणि मारायला लागला. पहार ठण्ण करून परत आली. त्यानं पुन्हा मारली. जुन्या जखमा उघडल्या, दांडा रक्तानं बुळबुळीत झाला. ढेकळं फुटत नव्हती, नुसते टवके उडत होते. एक टवका गालात शिरला. तो रडत होता आणि मारत होता. उद्याच्या आत ही जमीन फोडायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

"अण्णा," मागून रघुजी म्हणाला.

उमाजीनं ऐकलं नाही.

"अण्णा, कोरड्यात खणू नको. दगड होतील नुसते. पाणी सोड आधी. मुरायला दोन दिवस लागतील."

उमाजीची पहार वरच राहिली. दोन वर्षं भिंतीकडं बघणारा माणूस दोन वर्षं सगळं शिकत होता.

"तू थांबशील दोन दिवस?" त्यानं न वळता विचारलं.

रघुजीनं त्या कोपऱ्याकडं पाहिलं. मथुरेनं त्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"स्वल्प स्वल्प सोड," तो म्हणाला. "एकदम नको. वाहून जाईल."

उमाजीनं पहार भिंतीला टेकवली आणि विहिरीवर बादली आणायला गेला.